चार चाकांची साक्ष

श्रावण लागला होता, तरी आषाढाने रत्नागिरीचा निरोप घेतलेला नव्हता. कौलांवरून पागोळ्यांच्या धारा अखंड लागल्या होत्या, आणि अशा त्या संध्याकाळी कोल्हापुराहून आंबा घाट उतरून आलेला माझा भाचा ओटीवर टेकला तो प्रवासाचा शीण सांगण्याऐवजी गाडीतल्या तीन दिव्यांची तक्रार सांगू लागला. गाडी जर्मन बनावटीची, चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणारी. घाटाच्या ऐन वळणावर, धुक्यात पुढचे दहा हातही दिसत नसताना, त्याच्या समोरच्या फलकावर एकामागून एक असे तीन पिवळे दिवे लागले आणि खाली अक्षरे उमटली, की चारही चाके ओढण्याची व्यवस्था तूर्त बंद झाली आहे, गाडी जपून चालवावी. साखरप्याच्या पुढे वाटेतल्या एका गॅरेजात त्याने गाडी दाखवली; तेथल्या माणसाने एक यंत्र जोडून दिवे घालवून दिले, आणि हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी शहराकडे वळते न वळते तोच तिन्ही दिवे पुन्हा जागच्या जागी उजळले.

"मामा, गाडीला तसं काही झालेलं नाही. चालतेय उत्तम. हे दिवे तेवढे कायमचे घालवून मिळाले की झालं," तो म्हणाला.

या वाक्याने मी अस्वस्थ झालो, कारण ते मी पूर्वी शेकडो वेळा ऐकले होते. चाळीस वर्षे येथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करताना, कर्ज कसे फेडावे हे विचारणारे अशील मला फार थोडे भेटले. कर्जाची नोटीस कशी नाहीशी करावी हे विचारणारे मात्र रोज भेटत. आणि अशिलांनाच का बोल लावावा? मध्यरात्री जाग आल्यावर मनात जे काही टोचते ते कशामुळे टोचते याचा शोध घेण्याऐवजी कूस बदलून पुन्हा झोप कशी लागेल याची विवंचना मी स्वतः किती वेळा केली आहे, याची नोंद माझ्यापाशी आहे. म्हणून भाच्याच्या गाडीतले ते तीन दिवे मला केवळ गाडीतले वाटले नाहीत. सूचना म्हणजे नेमके काय, आणि सूचना मिळाल्यावर मनुष्याचा धर्म कोणता, हा पुरातन प्रश्न त्यांच्या रूपाने माझ्या ओटीवर येऊन बसला होता, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर आधी ती गाडी समजून घेणे प्राप्त होते.

रस्त्यावरच्या मोटारीत चारही चाकांना शक्ती देण्याची कल्पना लोकप्रिय झाली ती ऑडी कंपनीने १९८० साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या क्वाट्रो या गाडीमुळे; या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'चार' असा आहे. पुढे मर्सिडीजची फोरमॅटिक, फोक्सवॅगनची फोरमोशन, बीएमडब्ल्यूची एक्सड्राइव्ह अशी त्या व्यवस्थेची घराणी निर्माण झाली, आणि आज यांतल्या काही कंपन्यांच्या गाड्या आपल्याच महाराष्ट्रात, चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, जोडल्या जातात. तत्त्व सर्वत्र एकच आहे: शेवाळलेल्या जांभ्यावर किंवा चिखलात एक चाक घसरू लागले, तर त्याच्याकडे व्यर्थ जाणारी शक्ती ज्या चाकांची भुईवर पकड आहे त्यांच्याकडे वळवावी. अनेक गाड्यांत ही वाटणी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दरम्यान बसवलेल्या एका पेटीत होते. तिला मिस्त्री लोक ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यात तेलात बुडालेल्या पातळ चकत्यांचा एक क्लच असतो, आणि विजेवर चालणारी लहानशी मोटर त्या चकत्या गरजेप्रमाणे आवळते किंवा सैल सोडते. परंतु केव्हा आवळावे आणि केव्हा सोडावे, हा हुकूम देणाऱ्याला चाकांची खबर हवी. आणि ती खबर देण्यासाठी प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर बसवलेला असतो, जो त्या चाकाचे फेरे अखंड मोजून कळवीत राहतो. त्या न्यायासनासमोर चार साक्षीदार रात्रंदिवस साक्ष देत उभे असतात, असे म्हटले तर ते यथार्थ होईल.

एक दोष असताना तीन दिवे का लागावेत, याचा उलगडाही येथेच होतो. चाकांचे फेरे मोजण्याची ही युक्ती प्रथम उपयोगात आली ती ब्रेक लावताना चाक जागीच आवळून गाडी घसरू नये यासाठी. बॉश कंपनीची ती ब्रेकव्यवस्था १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली. १९९५ साली वळणावर गाडीचा तोल सांभाळणारी व्यवस्था आली, आणि तिनेही त्याच चार साक्षीदारांना आपल्यापुढे पाचारण केले. चारही चाकांत शक्ती वाटणारी व्यवस्थाही त्यांच्याच जबान्यांवर चालते. साक्षीदार चार, पण न्यायालये तीन; त्यामुळे एका साक्षीविषयी शंका निर्माण झाली की तिन्ही न्यायालयांतले कामकाज एकदम तहकूब होते, आणि तिघांचेही दिवे एकत्र लागतात. अज्ञ मनुष्य हे पाहून घाबरतो, की गाडीत तीन रोग एकदम उद्भवले. वस्तुतः रोग बहुधा एकच असतो, आणि तो जेथे दिवा लागला तेथे नसतो.

या दिव्यांना त्यांच्या रंगांचीही भाषा आहे. आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकाने त्यांची चिन्हे ठरवून दिली असून, सामान्यतः तांबडा दिवा लागला तर सुरक्षित जागा पाहून तत्काळ थांबावे आणि पिवळा लागला तर वेग उतरवून लवकरात लवकर तपास करवावा, असा संकेत आहे. आमच्या मिरकरवाड्याच्या दालदी आणि खारवी बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की आकाश निरभ्र दिसत असले तरी होडी किनाऱ्याला लागते, आणि बावटा उतरवून टाकला तर वादळ टळेल असे त्यांच्यातल्या लहान पोरालाही वाटत नाही.

मात्र बावट्याहून या यंत्रात एक गोष्ट अधिक आहे, आणि तीच मला सर्वांत विचारणीय वाटली. बावटा केवळ खबर देतो. हे यंत्र खबर देता देता स्वतःचा अधिकारही खाली ठेवते. आपल्याला मिळणारी माहिती विश्वसनीय राहिलेली नाही असा संशय येताच ते चारही चाकांवरचा आपला अंमल सोडून देते, आणि गाडी पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांच्या बळावर, अगदी साध्या गाडीसारखी, निमूटपणे चालू लागते. ज्ञान संशयित झाले असता त्या ज्ञानावर उभारलेल्या सत्तेचा तत्क्षणी त्याग करावा, हा विवेक त्या लोखंडाच्या आणि तारांच्या रचनेत कोणी तरी बुद्ध्या घातला आहे. मनुष्याच्या ठायी तो किती आढळतो? ऐकीव माहिती खोटी ठरल्यावरही तिच्या आधाराने चालवलेला अधिकार खाली ठेवणारा अंमलदार, किंवा आपली समजूत चुकली असेल या नुसत्या शंकेने मुलावर उगारलेला हात मागे घेणारा बाप, हे दुर्मीळ असतात; आपल्या संशयाच्या क्षणीच तर आपण अधिक मोठ्याने बोलतो.

आता संशय म्हणजे तरी काय? गौतमाच्या न्यायदर्शनात ज्या सोळा पदार्थांच्या ज्ञानाने निःश्रेयस प्राप्त होते असे मानले आहे, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या मागोमाग तिसरे स्थान संशयाचे आहे, आणि निर्णय त्याच्यानंतर कितीतरी अंतराने येतो. तरुणपणी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचताना संशयाला एवढा मान का दिला असावा हे मला उमगले नव्हते. न्यायालयात वय गेल्यावर उमगले. संशयावाचून चौकशी नाही, आणि चौकशीवाचून निर्णय नाही. कार्यावरून कारणाचे अनुमान कसे करावे हे सांगताना नैयायिकांनी नदीचे उदाहरण घेतले आहे: नदीला पूर आलेला दिसला, तर वर कोठे तरी पाऊस पडला आहे असे समजावे. यावर पूर्वपक्षाचा आक्षेप असा, की नदी तर खाली बांध पडूनही तुंबते. मग पाण्याच्या चढण्यावरून पावसाचे अनुमान कसे खरे मानावे? सिद्धान्ती उत्तर देतो, की नुसते चढलेले पाणी वेगळे, आणि वेगाने धावणारे, फेस, पाने, फळे, लाकडे वाहून आणणारे पाणी वेगळे. पाहणाऱ्याने नीट पाहिले नाही हा दोष पाहणाऱ्याचा आहे, अनुमानाचा नव्हे.

रत्नागिरीकराला हा वाद पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमची काजळी नदी भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते, आणि त्या पुलावर उभे राहून पाहिले तर पाणी दोन कारणांनी चढताना दिसते. भरतीचे पाणी चढते ते खालून, खारट आणि शांत. सह्याद्रीत पाऊस कोसळून चांदेराईच्या बाजारपेठेत शिरलेले पाणी येते ते वरून, तांबड्या मातीने गढूळ, ओंडके आणि पालापाचोळा उराशी घेऊन. पाण्याची उंची दोन्ही वेळा तीच असू शकते. परंतु चिन्हाच्या अंगची ही विशेष लक्षणे पाहिल्याखेरीज कारण सांगू पाहणारा मनुष्य भरतीला पूर म्हणेल, किंवा त्याहून भयंकर म्हणजे पुराला भरती म्हणून स्वस्थ झोपेल.

गाडीतल्या दिव्याची हीच स्थिती आहे. तो दोष आहे एवढे सिद्ध करतो. दोष कोणता, हे सिद्ध करीत नाही. सेन्सरवर चिखल बसला असेल, किंवा कोकणात पावसाळ्यात नित्य घडते त्याप्रमाणे उंदराने तार कुरतडली असेल. बॅटरी क्षीण झाली असेल, आणि मग ज्याप्रमाणे ज्वराने खंगलेल्या माणसाला सारे जग रोगट दिसते त्याप्रमाणे गाडीला आपल्या धडधाकट अवयवांविषयीही शंका येत असेल. ट्रान्स्फर केसमधील मोटर किंवा तेल खरोखरच झिजून निकामी झाले असेल. कारणे इतकी, आणि दिवा एक. अशा हेतूला नैयायिक अनैकान्तिक म्हणतात. त्याच्या बळावर एकदम विशिष्ट निर्णय देऊन पेटी उघडायला निघणारा, आणि काहीच झालेले नाही असे म्हणून दिवा घालवणारा, हे दोघेही एकाच चुकीचे धनी आहेत, कारण दोघांनीही चौकशी वगळली आहे.

दुसऱ्या दिवशी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वृद्ध मिस्त्रीकडे आम्ही गाडी नेली. त्याने आपले यंत्र जोडले, नोंदलेले सांकेतिक आकडे कागदावर उतरवून घेतले, आणि दिव्यांना हात न लावता तो चिखलात गुडघे टेकून एकेका चाकाशी बसला. टायरच्या खाचेत अंगठा घालून तो चारही चाकांभोवती फिरला, मग मोजपट्टी घेऊन पुन्हा फिरला, आणि शेवटी उठून म्हणाला, "वकीलसाहेब, खोटं कोण बोलत नाय. चौघांची मापं निराळी आहेत."

झाले होते ते असे. महिन्यापूर्वी भाच्याच्या गाडीचे एक टायर दगडाने फाटले, तेव्हा त्याने तेवढेच एक नवे घातले. राहिलेली तीन काही गोटा झालेली नव्हती. पण कोऱ्या टायरच्या खाचा ८ मिलिमीटर खोल होत्या आणि जुन्यांच्या ३. त्रिज्येत ५ मिलिमीटरांचे अंतर म्हणजे परिघात ३ सेंटिमीटरांहून थोडे अधिक; म्हणजेच ढोबळ हिशेबाने झिजलेले चाक कोऱ्या चाकाहून दर किलोमीटरला ७ फेरे जास्त फिरणार, आणि कोल्हापूर ते रत्नागिरी या सुमारे १३० किलोमीटरांत ९०० फेरे. प्रत्येक सेन्सरने आपल्या चाकाचे फेरे बिनचूक सांगितले. ऐकणाऱ्याला मात्र त्या जबान्यांचा मेळ बसेना. एक चाक सदैव मागे पडते आहे किंवा बाकीची घसरताहेत असे वाटून तो क्लच आवळीत आणि सोडीत राहिला, चकत्या घासून तापत गेल्या, आणि अखेर घाटात त्याने कामकाज तहकूब केले.

मी त्या पावसात क्षणभर स्तब्ध उभा राहिलो. साक्षींमध्ये विसंगती आढळली की कोणी तरी एक खोटे बोलतो आहे, या गृहीतावर मी सारी हयात उलटतपासण्या घेतल्या होत्या. दर्शनकारांनी मात्र याचा विचार फार पूर्वी केलेला आहे. कुमारिलभट्टाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याचे अप्रामाण्य ठरते ते दोनच मार्गांनी, ज्या साधनाने ते झाले त्यात दोष सापडला तर, किंवा त्याला बाधित करणारे दुसरे ज्ञान उत्पन्न झाले तर. नैयायिक म्हणतात, की प्रामाण्यही बाहेरूनच, पडताळ्याने सिद्ध व्हावे लागते. गाडीची रचना मला या दोन मतांच्या मधोमध उभी दिसते: प्रत्येक चाकाचा शब्द ती आधी खरा मानून चालते, आणि त्याच वेळी इतर तिघांशी त्याची रुजुवात घालत राहते. परंतु साधन निर्दोष आणि तरीही बाध उत्पन्न, अशा प्रसंगी काय समजावे? जैन आचार्यांच्या अनेकान्तवादाने याचे उत्तर दिले आहे: प्रत्येकाचे वचन त्याच्या त्याच्या नयाने, म्हणजे त्याच्या दृष्टिकोनातून, सत्य असते, आणि एका नयाने दुसऱ्याला असत्य ठरवू लागलो की दोष आपल्या ऐकण्यात शिरतो.

किती घरांत मी हे पाहिले आहे! सासूचे म्हणणे खरे असते आणि सुनेचेही. वाटणी मागणारा भाऊ खोटा नसतो आणि वडिलोपार्जित कलमांची बाग अखंड राहावी म्हणणाराही खोटा नसतो. एकाचे आयुष्य झिजून लहान झालेले असते, दुसऱ्याचे नुकतेच सुरू होते. एकाच वाटेवर, एकाच घराला जोडलेले असून दोघांचे फेरे जमत नाहीत. आणि या अंतराचा सारा ताप कोण सोसतो? दोघांच्या मध्ये जो असतो तो. बाहेरून गाडी उत्तम चालताना दिसते, आणि आत कोठे तरी एक आई, एक नवरा, एक मधला भाऊ त्या तेलातल्या चकत्यांसारखा घासत आणि तापत असतो. त्या घरात लागलेला दिवा, म्हणजे कोणाचा तरी अचानक चढलेला आवाज किंवा जेवणाच्या पानावरचे मौन, हा दोष नव्हे. ज्याची मापे मोजायची राहून गेली त्या दोषाची ती सूचना होय.

शेवटी प्रश्न उरतो तो आतल्या दिव्याचा. कठोपनिषदाने शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले, तेव्हा घोडे उधळतील ही चिंता मुख्य होती. घोडे जी खबर आणतात ती सारथ्याने कशी पारखावी, हा प्रश्न त्या रूपकाच्या पुढचा आहे. मनूने धर्माची लक्षणे सांगताना श्रुती, स्मृती आणि सदाचार यांच्या जोडीला आपल्या अंतरात्म्याचे समाधान मोजले. कालिदासाचा दुष्यंतही शकुंतलेला प्रथम पाहून, संशयाच्या प्रसंगी सज्जनांचे अंतःकरणच प्रमाण, अशा भरवशावर पुढे जातो. परंतु त्याच दुष्यंताच्या अंतःकरणाने पुढे भर दरबारात तिला ओळखले नाही, आणि आतला दिवा विझलेला असता बाहेरची एक अंगठी त्याला सत्याकडे परत घेऊन आली. म्हणजे अंतःकरण प्रमाण खरे, पण तेही तपासले पाहिजे.

ही तपासणी कशी करावी हेही त्या गाडीनेच मला दाखवले. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्यापूर्वी फलकावरचे बहुतेक सारे दिवे एकदम उजळतात आणि काही क्षणांनी आपोआप मावळतात. मी मिस्त्रीला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, की दिवे जिवंत आहेत एवढे कळावे म्हणून. जो दिवा सुरुवातीला लागलाच नाही, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, आणि जुनी गाडी विकत घेताना तर हे आधी पाहावे, कारण दोष झाकणारा कोणी कोणी दिवाच मारून ठेवतो. माझ्या आजोबांच्या संध्येचा अर्थ मला त्या क्षणी नव्याने कळला. दिवसाच्या आरंभी काही क्षण मनातले सारे दिवे एकदा उजळू द्यावेत, काल कोणाला दुखावले, कोणाचे देणे राहिले, कोठे असत्य बोललो हे एकदा लख्ख दिसू द्यावे, आणि मग वाटेला लागावे. उपासनेचे प्रयोजन याहून वेगळे मला सांगता येणार नाही. ज्याच्या मनात कधीच काही टोचत नाही त्याला आपण भाग्यवान समजतो. त्याच्यासाठी खरे म्हणजे काळजी करावी.

भाच्याने चारही टायर एका मापाची, एकाच बनावटीची घातली, पेटीतले तापून काळवंडलेले तेल बदलून घेतले, आणि मिस्त्रीने सर्वांत शेवटी नोंदी पुसल्या. नंतर दिवे घालवावे लागले नाहीत, ते गेले. दिवा घालवणे आणि दिवा जाणे यांत जे अंतर आहे, तेच मला प्रायश्चित्त उरकणे आणि पाप फिटणे यांतले अंतर वाटते. वाचकांपाशी माझे मागणे एवढेच आहे: आपल्या गाडीत किंवा आपल्या अंतरंगात असा पिवळा दिवा लागेल, त्या दिवशी भिऊ नये आणि त्याला विझवूही नये, वेग उतरवावा, हातातला अधिकार थोडा खाली ठेवावा, आणि खाली वाकून, चिखल लागला तरी चालेल, चारही चाकांना आपल्या बोटाने स्पर्श करून पाहावा.